गोळ्यावरचा आळ

जत्रेला आमच्या चुलीवर साठ माणसांचं मटण शिजतं आणि पातेलं घासायला मी एकटी उरते. पिंपळवंडीत लग्न होऊन आले त्याला बारा वर्षं झाली, बारा जत्रा अशाच काढल्या. पावणं जेवून कुस्त्या बघायला जातात.

यंदाही अंगात त्राण नव्हतं, तरी उरलेला रस्सा लगेच परातींत ओतला, निवल्यावर लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये लावला. सासूबाई बघत होत्या.

"येवढा खटाटोप कशाला? पातेलं झाकून ठिव. सकाळी उकळी दिली की झालं."

"न्हाई आत्या. यंदा न्हाई."

गेल्या वर्षी मी तेच केलं होतं. पातेलं फ्रिजमध्ये मावेना. जरा पाठ टेकते म्हटलं, तर डोळा उघडला तेव्हा उजाडलं होतं. रश्श्याला वास येत होता, थोडासाच. मी उकळी दिली आणि नणंदेला, रत्नाताईंना, डबा भरून दिला. त्या सासरी, अवसरीला गेल्या आणि रात्रीच त्यांच्या लेकीला, हर्षालीला, दवाखान्यात सलाईन लागलं. नासलेलं उकळून चांगलं होत नाही, हे आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी नंतर सांगितलं. पण वास तर मला आधीच आला होता.

रत्नाताईंनी दोष दिला जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्याला. मी गप्प बसले. माझी मलाच लाज वाटते.

आज त्या निघाल्या. रस्सा चांगला उकळून, गरमच डब्यात भरून त्यांच्या हातात दिला. नऊ वर्षांची हर्षाली दारातून गोळ्याच्या गाडीकडं बघत होती.

"तिकडं बघू पण नको," रत्नाताई म्हणाल्या. "मागच्या साली मरता मरता वाचलीस."

"मी कुठं मागितला, मम्मी?" पोरगी म्हणाली आणि खाली बघायला लागली.

मी फार थकले होते. खोटं सांभाळायलाही ताकद लागते.

"ताई, गोळ्यानं न्हाई झालं. माझ्या रश्श्यानं झालं. वास आला व्हता मला, तरी दिला."

"वास आला व्हता?"

मी मान डोलावली.

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, पोरीचा हात धरला आणि निघाल्या. पुढं जाऊन गाडीपाशी थांबल्या. हर्षालीनं लाल गोळा घेतला आणि वळून मला हात केला.

रत्नाताई वळल्या नाहीत.