लटारूभाऊचा हात

कुत्र्याला खाणं द्यायचं आणि ते संपेपर्यंत समोर बसून राखण करायची, हा प्रकार मी साठी उलटेपर्यंत पाहिला नव्हता. आमच्या घरी तो सुनेनं आणला. कुत्र्याचं नाव टॉफी, मादी. वजन अडीच किलो, म्हणजे बऱ्यापैकी पोसलेल्या कोंबड्याइतकं. केस डोळ्यांवर, आवाज किरकिरा, आणि अंगणात मांजर आली की स्वारी दिवाणाखाली. याला कुत्रा म्हणायचं, तर आमच्या शेताच्या धुऱ्यावर रानडुकरांच्या मागे धावायची त्यांना काय म्हणायचं, ते मला कोणी सांगावं.

मी लटारू. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं परिचर होतो. डॉक्टर आले आणि बदलून गेले. गोंडपिपरीच्या आसपासच्या गावांत त्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत, माझा हात मात्र सगळ्यांना आठवतो. उन्हाळ्यात बैल झाडाखाली पडलेले आंबे खातात आणि कोय गळ्यात अडकते. जनावर लाळ गाळतं, पोट फुगतं, मालकाचा चेहरा उतरतो. मग मला आणायला मोटरसायकल यायची. दातांत लाकडाचा ठोकळा बसवायचा, जीभ एका बाजूला ओढून धरायची आणि हात कोपरापर्यंत आत घालायचा. कोय हाती लागली तर बाहेर काढायची, नाही लागली तर तेल लावलेल्या नळीनं पुढं ढकलायची. एकदा पोटात गेली की पडली राहू दे तिथं, बैलाच्या पोटाला त्याचं काय? असे बैल मी उभे केले आहेत आणि माझ्याहून वयानं मोठ्या माणसांनी भर गोठ्यात माझे पाय धरले आहेत.

अशा माणसाला उर्वशी शिकवायला निघाली. उर्वशी म्हणजे माझी सून, सरकारी रुग्णालयात नर्स. मुलगा निकेश घुग्घुसला कामाला, आठवड्यातून एकदा घरी येतो. एरवी घरात मी, ती आणि ते अडीच किलो.

टॉफीचे दात शिवशिवतात म्हणून तिनं चघळायच्या कांड्यांचं पाकीट मागवलं. सुकवलेल्या चामड्याच्या, पिळून दोन्ही टोकांना गाठ मारलेल्या कांड्या. जन्मभर ज्या चामड्याचा वास अंगाला घेऊन घरी आलो, ते आता चकचकीत पाकिटात घालून पोस्टमन आणून देतो, याचं मला हसूच आलं. पण पाकिटापेक्षा मोठं होतं तिचं नियमशास्त्र. कांडी कुत्र्याच्या तोंडात मावणार नाही एवढी मोठी हवी. ओली होऊन, चघळून अंगठ्याएवढी उरली की काढून घ्यायची, कारण तेवढा बुळबुळीत तुकडा ते अख्खा गिळतं. हिसकावून घ्यायची नाही, हिसकावलं तर घाईनं गिळतं. पोळीचा तुकडा दाखवायचा, तोंडातलं खाली पडलं की उचलायचं. आणि समोर कोणी जागं नसेल तर कांडी द्यायचीच नाही. शेवटचं वाक्य बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण दुपारी जेवण झालं की माझा डोळा लागतो.

मी म्हणालो, गावातली कुत्री हाडं फोडून खातात, त्यांच्यापुढं कोण पोळी घेऊन बसतं? ती म्हणाली, गावातली मरतात तेव्हा कोणी पाहायला जात नाही, एवढंच. दोन पुस्तकं वाचलेल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

तिची पोळी दाखवायची कवायत मी रोज संध्याकाळी बघत असे. नर्सबाई जमिनीवर मांडी घालून बसलेली, हातात पोळीचा तुकडा, आणि समोर ते केसाळ ध्यान विचार करतंय की सोडू की नको. काढून घेतलेला तुकडा ती कागदात गुंडाळून फडताळावर ठेवायची आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकायची. कोणी पाहुणा आला की मी हा सोहळा त्याला मुद्दाम दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. उर्वशीला ते कळत होतं. तिनं कवायत सोडली नाही आणि मी हसणं सोडलं नाही.

थंडीचे दिवस होते. उर्वशीची सकाळची ड्यूटी होती, दोन वाजता ती यायची. मी वांग्याची भाजी आणि भात जेवून आडवा झालो, तर टॉफीनं फडताळाखाली बसून किरकिर लावली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. उठलो. पाकिटातली नवी कांडी द्यावी तर सूनबाईच्या लक्षात येणार. कागदातला कालचा तुकडा होता, अंगठ्याएवढा. लहान कुत्रा, लहान तुकडा, यात चुकण्यासारखं काय आहे, असं म्हणून मी तो टाकला आणि परत पाठ टेकली.

किरकिर थांबली. बरं झालं, म्हटलं. मग जरा वेळानं वाटलं की फारच थांबली. चघळण्याचाही आवाज नव्हता. वळून पाहिलं तर टॉफी पुढच्या पंजानं तोंड खरवडत होती, मान ताणलेली, तोंड उघडं, आणि त्या तोंडातून काहीच येत नव्हतं. बैलाच्या गळ्यात अडकलं तर तो खोकतो, घोरतो, सगळ्या गल्लीला कळतं. हिचा आवाजच बंद. जीभ जांभळी व्हायला लागली होती.

मी तिला उचललं आणि बत्तीस वर्षं जे केलं तेच केलं. जबडा उघडला आणि बोट आत घातलं. एकच बोट गेलं, तेही कसंबसं. टोकाला काहीतरी ओलं, बुळबुळीत लागलं. धरायला जागा नव्हती, म्हणून मी ढकललं. ते सरकलं. मला वाटलं, गेलं पोटात, सुटली. तेवढ्यात टॉफीचे पाय लुळे पडले आणि तिची मान माझ्या मनगटावर कलंडली.

उर्वशी फाटकातून आत आली ती याच वेळी. तिनं माझ्या हातातून कुत्री घेतली, तोंड उघडून आत पाहिलं, काही दिसलं नाही. मग मागचे पाय वर आणि डोकं खाली अशी धरून तिनं दोन खांद्यांच्या मधोमध तळव्यानं फटके मारले. चार-पाच मारले. काही झालं नाही. मग ती खाली बसली, टॉफीची पाठ स्वतःच्या पोटाला लावून धरली आणि बरगड्यांच्या जरा खाली दोन बोटांनी आत आणि वर असा दाब दिला. तिसऱ्या दाबाला तो तुकडा फरशीवर पडला. टॉफीनं श्वास घेतला. इतका छोटा श्वास, पण मला तो स्पष्ट ऐकू आला.

"ढकललं का तुमी?" उर्वशीनं विचारलं.

मी मान डोलावली.

"बैलाच्या गळ्यात हात जाते, मामाजी. हिचा अख्खा गळा तुमच्या बोटाएवढा. ढकललं का श्वासाची वाटच बंद होते."

ती ओरडली असती तर मी ओरडलो असतो. ती हळू बोलली. तुकडा निघाला तरी आत सूज येते म्हणून तिनं टॉफीला ओढणीत गुंडाळलं आणि डॉक्टरला दाखवायला निघाली. जाताना एवढंच म्हणाली की ते पाकीट आता घरात नको, फेकून द्या.

पाकीट घेऊन मी अंगणात आलो, तर शेजारची शकुबाई कुंपणापाशी उभी होती. बसस्टँडजवळ तिचा आलुबोंड्यांचा ठेला आहे, नवरा वारला, लेक चंद्रपूरला दिली. तिच्याकडेही टॉफीसारखंच एक खेळणं होतं, चिंगी नावाचं. लेकीनं आणून दिलेलं. शकुबाई त्याला स्वेटर घालायची आणि स्वतः फाटक्या शालीत ठेल्यावर बसायची. रोज रात्री त्याच्याशी दिवसभराचं बोलायची, आमच्या खिडकीतून ऐकू यायचं. त्या बाईबद्दल माझं मत काय असणार? उर्वशी निदान शिकलेली होती.

शकुबाईनं उघड्या दारातून मला कुत्री हातात घेऊन तोंडात बोट घालताना पाहिलं होतं. पुढचं दाराआड झालं, ते तिला दिसलं नव्हतं. मग तिनं उर्वशीला जिवंत कुत्री घेऊन जाताना पाहिलं. एवढ्यावर तिनं सगळं ठरवून टाकलं होतं. तुमीच वाचवलं न भाऊ, म्हणाली, बैल उठवणाऱ्या हाताले हे काय जड.

नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता. पण शेजारणीला काय सांगू? बत्तीस वर्षांच्या लटारूला सुनेनं गळा शिकवला? मी म्हणालो, हात अजून हाय बाई. तिनं विचारलं, माह्या चिंगीले असं झालं तं काय करायचं? उर्वशीचे शब्द माझ्या कानात अजून गरम होते. तेच सांगायला हवे होते.

"बोट घालाचं आन् ढकलाचं," मी म्हणालो. "पोटात गेलं का भागलं. भ्यायचं नाई."

आणि हातातलं पाकीट मी फेकलं नाही. चांगला माल कचऱ्यात कशाला? कुंपणावरून तिला देऊन टाकलं. ती इतकी खूश झाली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. उर्वशीला सांगितलं, फेकलं.

नऊ दिवसांनी सकाळी शकुबाई आमच्या अंगणात आली. ठेल्याची वेळ होती, पण ती ठेल्यावर गेली नव्हती. हाताला माती होती. उर्वशी ड्यूटीला निघालेली, दारात चपला घालत होती. शकुबाई माझ्यासमोर उभी राहून बोलायला लागली. चिंगी गेली. काल दुपारी कांडीचं टोक अडकलं. परसात पेरूखाली पुरली.

"तुमी सांगतलं तसंच केलं, भाऊ," ती म्हणाली. "बोट घातलं, ढकललं. दोनदा ढकललं. माह्या बोटात जोरच नाई."

असं म्हणून ती स्वतःचं बोट पाहत राहिली. उर्वशीचा हात चपलेच्या पट्ट्यावरच थांबला.

मला या बाईचा राग आला, हेही सांगून टाकतो. सांगितलं ते केलं, म्हणून राग आला. मग तो राग फार वेळ तिच्यावर टिकला नाही, कारण टिकायला तिथं काही नव्हतं. कधी नव्हे ते मी बोललो.

"मी चुकीचं सांगतलं, बाई. ढकलाचं नसते. माहीत असून सांगतलं."

शकुबाईनं डोळे पुसले आणि मान हलवली. तुमी माह्या मनाले बरं वाटावं म्हणून म्हणून राह्यले, म्हणाली. मोठ्या मनाचा माणूस असाच असते.

"टॉफीले नाई का वाचवलं तुमी? मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. हात लागते त्याले, भाऊ. माहा हातच तसा नाई."

उर्वशीनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. खरं सांगणं तिचं काम नव्हतं, माझं होतं. टॉफीला हिनं वाचवलं, मी तर मारायला निघालो होतो, एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्यानंतर शकुबाईनं स्वतःच्या बोटाला दोष दिला नसता आणि गोंडपिपरीत कोणी माझ्या हाताचं नावही घेतलं नसतं.

मी शकुबाईला म्हणालो, बसा, चहा घेऊन जा.