उंबऱ्यावरची माफी

हजला निघालेल्या माणसाने मागे कुणाचं मन दुखावलेलं ठेवायचं नसतं. सत्त्याऐंशी साली आमच्या केदारखेड्यातून कमरोद्दीन आणि मैमूना निघाले, तेव्हा दोघं घरोघर हिंडले. मैमूना माझी शेजारीण. तिच्या शेळीने माझी मेथी फस्त केली होती, त्यावरून आमचं वर्षभर वाजलेलं. तरी ती माझ्या दारात आली आणि माफी मागून गेली.

फक्त अंबडला सख्ख्या भावाकडे, गयासोद्दीनकडे, ती गेली नाही. त्यांची आई वारली तेव्हा त्याने वेळेवर कळवलं नाही. मैमूना पोचली तोवर दफन होऊन गेलं होतं. तेव्हापासून तिने भाऊ टाकला. "ज्यानं मला मायचं तोंड दिसू दिलं न्हाई, त्याची माफी मी मागू?" असं ती मला म्हणाली, आणि मलाही ते पटलं.

निघायच्या सकाळी उंबऱ्यावर, साऱ्या गावादेखत कमरोद्दीनने बायकोपुढे हात जोडले. "मैमूना, कहा-सुना माफ करना."

जन्मात त्याने कधी असे हात जोडले नव्हते. ती लाजली. "माफ किया," म्हणाली. आम्ही बायकांनी डोळ्यांना पदर लावले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असंही मी बोलून गेले. जीभ झडायला हवी होती माझी.

पुढचं तिने मला परत आल्यावर सांगितलं.

मुंबईहून जहाज निघालं ते ऐन पावसाळ्यात. पूर्णेच्या पुरापलीकडे पाणी न पाहिलेली ही माणसं. यांची जागा जहाजाच्या पोटात, एकावर एक ठोकलेल्या फळ्यांवर. किनारा दिसेनासा झाला आणि समुद्र उसळला. जहाज एका कुशीवर कलायचं ते आता सरळ होतच नाही असं वाटेपर्यंत तसंच राहायचं. पत्र्याच्या पेट्या या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत होत्या. लोणच्याच्या बरण्या फुटल्या. त्या कोंडलेल्या वासात जो तो कलमा पढू लागला. कमरोद्दीनच्या पोटात पाणी ठरेना. मैमूनाने एका हाताने खांब धरला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडाखाली भांडं. स्वतःची मळमळ गिळून ती त्यालाच धीर देत होती.

एका मोठ्या हेलकाव्यात दिवे गेले. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"मैमूना, आता आपण काई वाचत न्हाई. एक गोष्ट पोटात घेऊन मरू कसा? तुझ्या भावानं निरोप धाडल्ता. दोनदा. अम्मी तुझंच नाव घेऊन राह्यली, जल्दी ये म्हणून."

"मंग?"

"कापूस फुटल्ता. आभाळ भरून आल्तं. तू गेली असती तर वेचणी कुणी केली असती? मला वाटलं, म्हातारी दोन दिवस काढील."

मैमूना मला म्हणाली, "द्वारकाबाई, तोवर मला बुडायचं लई भेव वाटू राह्यलं होतं. मंग न्हाई वाटलं. भांडं मात्र मी तसंच धरून बसले. हात काई सुटला न्हाई."

जहाज बुडालं नाही. दुसऱ्या दिवशी वारा पडला. कमरोद्दीनने वर जाऊन तोंड धुतलं आणि ताटभर खिचडी खाल्ली. वर बायकोला म्हणतो कसा, "आता कशाला तोंड पाडून बसली? तू तर मला माफ केलं. सारं गाव ऐकत होतं. बराबर ना?"

म्हणजे बघा. कशाची माफी मागतोय हे मागणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. देणारीला तेवढं नव्हतं. आणि ती भावाला न भेटता घर सोडत होती, तेही कमरोद्दीन तिच्या बाजूला उभा राहून बघत होता. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

हज करून मुंबईच्या बंदरात उतरल्या उतरल्या मैमूनाने भावाला तार करवली. हा निरोप वेळेत पोचला.

दोघं गावात आले तेव्हा त्यांच्या दारात पुन्हा तीच गर्दी. गयासोद्दीन मागे लिंबाखाली अवघडून उभा होता. कमरोद्दीनच्या गळ्यात हार पडले. मैमूनाने मक्केहून आणलेल्या जमजमच्या पवित्र पाण्याचा डबा उघडला, पहिली वाटी भरली. नवऱ्याने हात पुढे केला. ती त्याला ओलांडून पुढे गेली आणि वाटी भावाच्या हातात दिली.

"भाई, तू निरोप धाडल्ता. मला आत्ता कळलं. माझी चूक माफ कर."

त्याच्याने पाणी पिववेना. वाटी धरून तो नुसता रडत राहिला.

मग ती उंबऱ्यावर आली. "जाताना इथंच मी यांना माफ केल्तं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. आता बी ऐका. ती माफी मी परत घेतली."

गर्दीतला एक म्हातारा पुटपुटला, "दिलेली माफी परत घेता येत न्हाई, बेटी."

"मंग कशाची मागून राह्यलेत, ते आधी सांगायला पाहिजे होतं, चाचा."

तिची पेटी अजून सोडलेली नव्हती. गयासोद्दीनने ती उचलली आणि बहीणभाऊ अंबडच्या वाटेला लागले. ती परत नांदायला आली नाही.

कमरोद्दीनला हाजीसाहेब म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. मी म्हणत नाही.