एकसष्ट घरं, उपाशी शून्य

चर्चच्या मागच्या खोलीत दिव्याने कागदांचा गठ्ठा तिसऱ्यांदा चाळला. कोसमटोल्याच्या एकसष्ट घरांतून आणलेले एकसष्ट कागद. प्रत्येकावर तिने स्वतः टाईप केलेला एकच प्रश्न होता: ‘गेल्या महिन्यात घरात कुणी उपाशी राहिलं का?’ आणि प्रत्येकाखाली एकच उत्तर: नाही.

“मग आमदार-खासदारांना लिहायचं तरी काय?” पास्टर कुलदीप दारात उभे होते. भुकेबद्दल लोकप्रतिनिधींना पत्रं पाठवायची, हे चर्चच्या मंडळीनेच ठरवलं होतं. आधी आकडे गोळा करू, हा हट्ट मात्र दिव्याचा. बी.एस्सी. झालेली मुलगी, मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. “कोणी उपाशी नाही म्हणून अभिनंदन करायचं का?”

“पण पास्टर, शाळेत स्वयंपाक करणारी रंजीताबाई सांगते, दर सोमवारी पोरं दुप्पट भात खातात. मंगळवारी तीच पोरं नेहमीएवढा. रविवारी शाळेचं जेवण नसतं. मग रविवारी घरी काय होतं?”

“नाताळात देतो तसे तांदूळ देऊ. दोन पोती मी मिळवतो. झालं!”

“दोन पोती किती दिवस पुरतील? आणि एक मेला उन्हाळी सुटीसाठी शाळाच बंद होतेय. मग दोन महिने रोजच रविवार!”

पास्टर निघून गेले. दिव्या खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गठ्ठा उचलला. एक मेला अठरा दिवस उरले होते.

दुपारी दोन वाजता संघपालभाऊ आले. तीस वर्षं या भागात त्यांनी टपाल वाटलं, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रंही लिहून दिली. ते बौद्ध, चर्चमध्ये कधी येत नसत. पण पत्रांचं काम निघालंय असं कळताच स्वतःचा पेन खिशाला लावून हजर झाले होते.

“जेवली का, बाई?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“हो भाऊ, जेवले.”

भाऊंनी टेबलाकडे बोट केलं. “मंग हा डबा कोनाचा?”

डबा दिव्याचाच होता, आणि सकाळपासून उघडलेला नव्हता!

“खोटं काऊन बोलली?”

“खोटं नाही हो... आपण असंच म्हणतो ना.”

“हेच तं!” भाऊ हसत खुर्चीवर बसले. “एकसष्ट घरानं बी असंच म्हनलं. तू त्याइले भूक नाई इचारली, नमस्कार केला. नमस्काराले नमस्कार आला.”

दिव्या जागच्या जागी थांबली. काटाच बिघडलेला असेल तर शंभर वेळा वजन करूनही शंभर चुकीचीच वजनं येतात, हे प्रयोगशाळेत ती पहिल्या वर्षीच शिकली होती. तिचा प्रश्न म्हणजेच बिघडलेला काटा होता! तिने डबा तसाच पिशवीत टाकला आणि स्कूटीची किल्ली उचलली.

“अवो, हळू चालव,” मागे बसलेले भाऊ म्हणाले. “मले अजून पेन्शन खायची हाये.”

कोसमटोल्यात बुधरीबाईंच्या अंगणात मोहफुलं वाळत होती. लेक आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. घरी बाई आणि दोन नाती. बाईंनी खाट टाकली, गुळाचा कोरा चहा आणला. “साखर सरली जी,” त्या म्हणाल्या.

“बाई, काल चूल किती वेळा पेटली?” दिव्याने विचारलं.

बुधरीबाई जरा गोंधळल्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. “एकडाव.”

“आधी कोण जेवलं?”

“नाती.”

“मग?”

“मंग मी.”

“तुमच्या वाटेला काय उरलं होतं?”

“पेज.”

“पेजेत भात होता?”

बाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाल्या, “पानी होतं.”

“आणि रेशन?”

“मशीन माहा अंगठा घेत नाई. तीन महिने परत धाडलं. मंग म्हने नावच कटलं.”

दिव्याने भराभर लिहायला घेतलं, तशी बाईंनी तिचा हात धरला. “थांब! हे साहेबाले धाडून राह्यली का? माह्या घरची बेइज्जती साऱ्या जगाले सांगशीन? मी काय भिकारीन हाओ?”

“बुधरीबाई,” संघपालभाऊ हळूच म्हणाले, “तुमच्या लच्छूनं माह्याकडून एक पत्र लिवून घेतलं होतं. तुमच्या भावाले. याद हाये?”

लच्छू म्हणजे बाईंचे वारलेले नवरे. बाईंनी दिव्याचा हात सोडला.

“त्या साली तुमची लहानी पोरगी गेली होती. ताप म्हनून सांगतलं सगळ्याइनं. खरं काय होतं, मले दिसत होतं. लच्छू म्हने, लिव भाऊ, आमी सारे खुशाल हाओ. आन् मी लिवलं. तीस वर्षांत हजार पत्रं लिवली असतीन, एकाही पत्रात भूक नाई. मानसं मरून राह्यली, पत्रं खुशाल!” त्यांनी खिशातला पेन चाचपला. “रेशन कोनी खिशातून नाई देत, बाई. तो कायद्यानं तुमचा हक हाये. तुमी लाजता, आन् ज्यानं लाजावं तो निवांत बसला. तुमी खुशाल लिवाल तं त्याले उठवनार कोन?”

अंगणात एक कोंबडी मोहफुलांवर चढली. कुणी तिला हाकललं नाही.

“लिव,” बुधरीबाई म्हणाल्या. “पन मी सांगतो तसं लिव. लिव का, साहेब, आमी खुशाल नाई!”

भाऊंनी पेन काढला. त्यांच्या आयुष्यातलं अशा ओळीने सुरू होणारं ते पहिलं पत्र होतं.

शेवटी बाईंनी अंगठा शाईत बुडवून कागदावर ठेवला. दिव्या वाकून पाहत राहिली. निळा डाग उमटला होता. रेषा जवळपास नव्हत्याच. आयुष्यभर बांबू सोलून त्या झिजून गेल्या होत्या. मशीन हा अंगठा का नाकारत होतं, ते कागदावर स्पष्ट दिसत होतं!

पुढचे चार दिवस दिव्या पुन्हा त्याच एकसष्ट घरांत गेली. या वेळी तिने चूल विचारली, जेवणाचा क्रम विचारला, शेवटच्या माणसाचं ताट विचारलं. एकेचाळीस घरांत शेवटच्याला नुसती पेज होती. एकेचाळीस पत्रं निघाली, प्रत्येकाची हकिकत वेगळी, पहिली ओळ एकच.

रविवारी पास्टरांनी बुधरीबाईंचं पत्र उपासनेत वाचलं. वाचून झाल्यावर ते थोडे अडखळले. “दर नाताळात तांदूळ दिले आणि मी समाधानाने घरी गेलो. बाकीचे अकरा महिने काय खाता, हे मी कुणाला कधी विचारलं नाही.” त्यांनी सगळ्यांसमोर बेचाळिसावं पत्र लिहिलं. सोमवारी सगळी पत्रं आमदार-खासदारांच्या नावाने टपालात पडली.

सत्तावीस एप्रिलला आमदारांच्या कार्यालयातून फोन आला. दोन दिवसांनी गावात पुरवठा खात्याचा माणूस आला. ज्यांचे अंगठे मशीन घेत नव्हतं त्यांना वहीत नोंद करून धान्य मिळालं. कटलेली नावं अर्ज भरून घेऊन पुन्हा चढवली. पण हे एकोणतीस घरांचं झालं. बारा घरांचे कागद अपुरे निघाले.

शाळा बंद झाली त्या दिवशी दिव्या बुधरीबाईंकडे गेली. सवयीनेच विचारून बसली, “जेवलात का, बाई?”

बाईंच्या तोंडून ‘हो’ निघणार होतं. त्या थांबल्या.

“आज जेवली. पोटभर.” मग त्यांनी कुंपणापलीकडे हात केला. “सुकरी नाई जेवली. तिचं नाव अजून यायचं हाये. तिले इचार. आन् ‘जेवली का’ म्हनून नको इचारू, चूल इचार!”

दिव्याने पिशवीतून कोरा कागद काढला आणि कुंपण ओलांडलं.

मित्रांनो, आपण सगळे रोज कुणाला तरी ‘जेवलात का’ विचारतो आणि उत्तर पुरतं न ऐकता पुढे जातो. शेजारची चूल पेटली की नाही, हे थांबून पाहणं ही दया नाही, नागरिकाचं काम आहे. आणि ती पेटली नसेल, तर मूठभर तांदळासोबत एक पत्रही लिहायला हवं. त्यात खुशाली लिहू नका. खरं लिहा.