पोटुशीला नाही म्हणू नये

"परत आलीस?" हिपोलित फाटकाच्या आतूनच म्हणाला. "परवाच कांदे नेलेस ना?"

"थोडा मध हवाय, काका," लुत्सिना म्हणाली. रिकामी बरणी तिनं शालीखाली धरली होती.

"तुला हवाय की तेओफिलाला?"

लुत्सिनानं बरणी पुढे केली. तिला मध आवडत नव्हता, वासानंसुद्धा मळमळायचं. पण सासूनं, म्हणजे तेओफिलानंच, पाठवलं होतं आणि सासूचा शब्द मोडायची तिची छाती नव्हती.

त्या गावात, म्हणजे पोलंडच्या पार पूर्वेकडच्या त्या कोपऱ्यात, पोटुशीनं मागितलं की द्यायचं, अशी रीत होती. जो नाही म्हणेल त्याच्या घरातले कपडे उंदीर कुरतडतात. पाद्रीबाबा याला हसायचे, पण स्वतः मात्र कधी कुणा पोटुशीला रिकाम्या हातानं पाठवत नसत. हिपोलित तर गावातला एक नंबरचा चिक्कू. बोटावरचा मध चाटून मगच हात धुणारा माणूस. पण गेल्या थंडीत त्यानं चांगली कालवड विकून मेंढीच्या कातड्याचा कोट घेतला होता. कोट पेटीत, पेटीत अक्रोडाची पानं आणि पेटीवर मांजर, असा त्याचा बंदोबस्त होता. तेओफिलाला हे नेमकं ठाऊक होतं. सून गरोदर राहिल्यापासून हिपोलितच्या घरून कांदे आले, सफरचंदं आली, एक कोंबडीही आली.

हिपोलितनं बरणी अर्धी भरली, जरा थांबला, आणि सुस्कारा सोडून अजून दोन चमचे घातले.

"हललं का?" बरणी देताना त्यानं विचारलं.

"नाही अजून."

"हं," हिपोलित म्हणाला, आणि हे असं विचारायला नको होतं असं वाटून फाटकाची कडी उगाच खालीवर करत राहिला.

सगळेच विचारायचे. दुधाच्या गाडीपाशी बायका विचारायच्या, दुकानात विचारायचे. पाचवा महिना निम्मा सरला होता आणि पोटात सगळं शांत होतं. आधीची दोन तिसऱ्या महिन्यातच गेली होती. दुसऱ्या वेळी तर लुत्सिना गोठ्यातच पडली होती, आणि सासूनं तिला उचलून घरात आणलं होतं. या खेपेला पोट दिसायला लागलं, तेव्हा तेओफिलानं तिच्या मनगटाला लाल दोरा बांधला आणि बादलीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सनं पोटावर लाकडी नळी टेकवून बराच वेळ ऐकलं. "लांबून ऐकू येतंय काहीतरी. पुढच्या वेळी बघू," एवढंच ती म्हणाली. त्या 'काहीतरी'वर लुत्सिना महिनाभर जगत होती. भांडी घासताना, बटाटे सोलताना ती मध्येच थांबायची, श्वास रोखायची, वाट बघायची. मग पुन्हा सोलायला लागायची.

फक्त आईनं विचारलेलं तिला चालायचं. वेरोनिका गावाच्या वरच्या टोकाला राहायची. दर रविवारी प्रार्थना आटोपली की ती लेकीकडे यायची आणि कोटही न काढता तिच्या पोटावर हात ठेवायची.

"हललं का गं?"

"नाही ना, आई."

"हलेल. तुझ्या वेळी मी धार काढत होते. अशी लाथ हाणलीस, मला वाटलं गाईनंच मारली. गाईला दोन शिव्याही घातल्या मी." आणि मग हळूच, तेओफिला चुलीकडे वळली की, "पहिल्यांदा मला सांगायचं. हिला नंतर. ही गावभर करेल."

"पहिल्यांदा तुलाच."

मध आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी वेरोनिका शेतात बटाटे काढत होती. कंबर दुखते म्हणून उपड्या टोपलीवर टेकली, ती उठलीच नाही. लुत्सिनाचा नवरा झिग्मुंत बातमी घेऊन दारात आला, टोपी हातात धरून नुसता उभा राहिला. लुत्सिनानं त्याच्याकडे बघितलं आणि तिला कळलं.

ती शाल घ्यायला उठली, तर तेओफिला दारात आडवी आली.

"तू नाही जायचंस."

"आत्याबाई, माझी आई आहे ती."

"म्हणूनच सांगते. दोन जिवांच्या बाईनं मेलेल्याचं तोंड बघू नये. पोर पांढरंफटक निघतं. नाहीतर निघतच नाही." एवढं बोलून तेओफिलानं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "दोन घालवलीस, पोरी. तिसरं नको घालवू."

लुत्सिनानं झिग्मुंतकडे बघितलं. त्यानं जमिनीकडे बघितलं. भला माणूस, पण आईपुढे त्याची गोगलगाय व्हायची.

"मी मागतेय," लुत्सिना म्हणाली. "पोटुशी काही मागतेय तुमच्याकडे. मला जाऊ द्या. नाही म्हणता येतं का तुम्हाला?"

 तेओफिला कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेली आणि तिनं झाकण सताड उघडून ठेवलं. आत तिची लग्नातली शाल होती, नवऱ्याचा जपून ठेवलेला सदरा होता.

"खाऊ देत उंदीर," ती म्हणाली. "सगळं खाऊ देत. पण नाही म्हणजे नाही."

ती दुष्टपणानं बोलली असती तर भांडता आलं असतं. आणि खरं सांगायचं तर लुत्सिनालाही भीती वाटत होती. ती खाली बसली आणि दोन दिवस तशीच बसून राहिली. वरच्या टोकाला बायका आईच्या उशाशी गाणी म्हणत होत्या. वारा तिकडून आला की सूर ऐकू यायचे. आई रविवारी येणार होती. 'हललं का गं' विचारणार होती. आता ती विचारायची नाही, आणि 'हो' ऐकल्यावाचूनच ती मातीत जाणार, हे काही केल्या लुत्सिनाच्या मनातून जाईना. बाकीचं दुःख तिला अजून नीट कळतही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. चर्चला जायची वाट त्यांच्या दारावरूनच होती. झिग्मुंत खांदा द्यायला गेला होता. तेओफिलानं खिडक्या लावल्या, पडदे ओढले. "भिंतीकडे तोंड करून बस," म्हणाली, आणि स्वतः डोक्याला रुमाल बांधून फाटकाशी जाऊन उभी राहिली.

लुत्सिना भिंतीकडे तोंड करून बसली. चाकांचा आवाज जवळ आला. मग ती उठली आणि पायात झिग्मुंतचे बूट सरकवून बाहेर पडली. सासूनं हाताला धरायच्या आत ती रस्त्याच्या मधोमध पोहोचली होती.

गाडी हिपोलितची होती. घोडे त्याचे, आणि पेटीतला कोट आज मान राखण्यासाठी त्याच्या अंगावर होता.

"हिपोलितकाका," लुत्सिना म्हणाली, "थांबवा."

"हाक रे गाडी!" तेओफिला मागून ओरडली. "ऐकू नकोस तिचं!"

"मी मागतेय, काका. थोडा वेळ. दुसरं काही नको."

हिपोलितनं तेओफिलाकडे बघितलं. मग आपल्या कोटाच्या बाहीकडे बघितलं. घोड्यांचे लगाम खेचून तो म्हणाला, "मागितलंय तिनं. माझा काय इलाज?" पण त्याचा आवाज कोटाची काळजी करणाऱ्याचा नव्हता. मागे चालणाऱ्यांचं गाणं बंद पडलं.

"झाकण उघडायचं नाही!" तेओफिला रडकुंडीला आली होती.

"नका उघडू," लुत्सिना म्हणाली.

गाडीला कठडा नव्हता. ती शवपेटीला अगदी चिकटून उभी राहिली, नव्या पाइनच्या फळ्यांना पोट टेकवून. फळ्या गार होत्या. आईचं डोकं कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज घेऊन तिनं तिथे तोंड नेलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "हललं गं. काल संध्याकाळी. पहिल्यांदा तुलाच सांगतेय."

काल संध्याकाळी काही हललं नव्हतं. परवाही नाही. आईशी ती जन्मात खोटं बोलली नव्हती असं नाही, पण इतकं मोठं पहिल्यांदाच बोलली.

मागे तेओफिला उभी होती, तिला ओढून न्यायला आलेली. तिचा हात अर्ध्यावरच राहिला.

"हललं?" ती म्हणाली. "अगं, हललं? आणि मला बोलली नाहीस?" मग तिथेच रस्त्यावर ती हमसून रडायला लागली, एकीकडे छातीवर क्रूस काढत, एकीकडे सुनेच्या पाठीवर चापट्या मारत. "हललं, बायांनो! काल हललं म्हणते!"

शब्द मागे मागे पसरत गेला. बायकांनी डोळे पुसले. झिग्मुंत टोपी चुरगाळत उभा होता, त्याचा चेहरा कधी नव्हे तो उजळला होता. कुणीतरी म्हणालं, "एक गेली, एक आलं." हिपोलितनं खाली वाकून विचारलं, "अजून काही हवंय, पोरी?" तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं घोड्यांना हलकेच चुचकारलं आणि गाडी निघाली.

"जा, पाय वर घेऊन पड," तेओफिला म्हणाली. "मध घे चमचाभर. तुझ्या वाटची माती मी टाकते." आणि ती वयाला न शोभणाऱ्या चालीनं गर्दीमागे गेली.

लुत्सिना घरात आली. पडदे अजून ओढलेलेच होते, कोपऱ्यातली पेटी उघडी होती. तिनं पेटीचं झाकण लावलं, बूट काढले, आणि पलंगाच्या कडेवर बसली. चर्चची घंटा वाजायला लागली. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि श्वास रोखला.

"बाळा," ती म्हणाली, "मी मागतेय. मला नाही म्हणू नकोस."