बाईसाहेबांच्या कानात कापूस

हे सांगितलं तर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही, पण आपल्या भोंग्याला बोलायला शिकवलं ते एका घोडीने.

तसं बोलता त्याला येत होतंच, नको इतकं येत होतं. अख्खा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. कापडगिरणीत शेजारच्याला ‘दोरा तुटला’ एवढं सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं, आणि तोच आवाज भोंग्या रोज घरी घेऊन यायचा. त्याने जेवताना मीठ मागितलं की वरच्या मजल्यावरची मंडळी बरणी घेऊन खाली यायची. एकदा तो शिंकला, तर कोपऱ्यावर उभी असलेली बस प्रवासी न घेताच सुटली.

शेवटी त्याची बायको, म्हणजे आपली वहिनी, पिशवी भरून बहिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, “भांडून जात नाहीये, कान वाचवायला जातेय. माणसासारखं बोलायला लागलात की या न्यायला.”

भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. गिरणीच्या डॉक्टरांनी त्याला गावाबाहेरच्या तबेल्यावर धाडलं. तिथे घोड्यांच्या संगतीत माणसांना आपलं मन ओळखायला आणि दुसऱ्याशी बोलायला शिकवतात. तिथल्या ताईंनी त्याला एका पांढऱ्या घोडीसमोर उभं केलं. नाव बाईसाहेब, आणि तोराही तसाच.

“वर बसायचं नाही, दोरी धरायची नाही,” ताई म्हणाल्या. “आत्ता काय वाटतंय ते खरं खरं सांगा आणि चालू लागा. पटलं तर ती मागून येईल.”

“मी एकदम शांत आहे!” भोंग्या गरजला.

बाईसाहेबांनी कान पाडले, पाठ फिरवली आणि शेपटीचा असा फटकारा दिला की भोंग्याची टोपी उडून शेजारच्या झाडावर. तिथे पुढे चिमणीने अंडी घातली.

“बहिरी आहे का ही?”

“मुळीच नाही. तुमचे खांदे बघा, कानाला टेकलेत. ती शब्द नाही, अंग बघते.”

भोंग्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याला गिरणीतला रामबाण उपाय सुचला. आवाज सोसत नाही? मग कानात कापूस! त्याने स्वतःच्या कानांतले दोन्ही बोळे काढले आणि घोडीच्या कानांत घालायला गेला. बाईसाहेबांनी ते शांतपणे ओठांत धरले, चघळले आणि त्याच्या शर्टावर थुंकले.

ताई हसता हसता थांबल्या. “हे बोळे तुम्ही घरीसुद्धा घालता?”

“सवय. झोपताना काढतो.”

“मग घरचे काय बोलतात ते ऐकू येतं?”

भोंग्याने आपले रिकामे कान चाचपले. बोळे नसल्यामुळे त्याला घोडीचा श्वास ऐकू आला. गवताची करकर ऐकू आली. मग एक बारीक, घाबरलेला आवाज ऐकू आला, तो त्याचाच होता. “ती परत नाही आली तर? भीती वाटते हो, ताई.”

खांदे आपोआप खाली आले. तो चालू लागला आणि पाठीला ऊन ऊन नाक टेकलं.

बाईसाहेब मागे लागल्या त्या लागल्याच. तबेल्याचं फाटक ओलांडलं, सिग्नलला थांबल्या, बसमध्ये एका आजींना जागा दिली, वहिनीच्या बहिणीच्या घराचे तीन मजले चढल्या आणि नाकाने बेल दाबून स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, “वहिनी, चला घरी. सुधारलेत हे.”

“भावोजी, पुरे!” इतका वेळ माझी गोष्ट ऐकत मटार सोलत बसलेल्या वहिनीला राहवेना. “साफ खोटं! घोडीबिडी कुणी आलं नव्हतं. हे एकटेच होते. खिडकीतून दिसले तेव्हा मी कानांवर हात ठेवून बसले, आता खालून बोंब मारतील म्हणून. तर हाकच नाही! वर येऊन दारावर टकटक केली आणि इतकं हळू बोलले, इतकं हळू, की काय म्हणतायत ते ऐकायला मला दार उघडावं लागलं!”