तळघरातला एक इंच

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची, करंगळीएवढी जाड आणि एखाद्या मोठ्या खोलीला वळसा घालूनही उरेल इतकी लांब. बांधकामावरचे लोक मला लेव्हलची नळी म्हणतात. ते माझ्यात पाणी भरतात आणि माझी दोन टोके दोन भिंतींशी वर धरतात. पाणी थोडा वेळ खाली-वर होते, मग स्थिर होते. स्थिर झाले की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर असते. मध्ये खांब असो, कोपरा असो की अख्खी भिंत. मला एवढे एकच काम येते. मात्र माझ्यात हवेचा बुडबुडा राहता कामा नये. तो राहिला की पाणी खोटे दाखवते आणि बोल मला लागतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून मला एका गोल फटीतून बाहेर ओढले आणि लगेच थंड पाण्यात बुडवले. पाण्याची आणि माझी ती पहिली भेट. पुढे एका मिस्त्रीने मला विकत घेतले. त्याच्याबरोबर मी किती घरांच्या चौकटी आणि फरश्या सरळ केल्या, याची मोजदाद नाही.

"माझी नळी म्हणजे वकील नव्हे," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "तिला खोटं बोलायचे पैसे मिळत नाहीत."

मग त्याने भिंतीवर लाल रेषा मारणारे यंत्र आणले. बटण दाबले की काम झाले. मी खिळ्यावर गेले. उन्हाने पिवळी पडले. एकदा तर फावड्यांची मोळी बांधायला माझा दोर केला. मला यंत्राचा राग नाही, कारण ते खरोखर चपळ आहे. पण प्रकाश सरळ जातो, त्याला कोपऱ्यावरून वळता येत नाही. म्हणूनच एके दिवशी मिस्त्रीने मला खिळ्यावरून काढले, धुतले आणि एका घराच्या तळघरात नेले.

ते तळघर जिन्याला वळसा घालून मागपर्यंत गेलेले होते. मोडक्या खुर्च्या, रंगाचे रिकामे डबे आणि चाक नसलेली सायकल यांनी ते भरलेले होते. तिथे राहण्याजोगी खोली करायची होती. घर थोरल्या भावाचे आणि खोली धाकट्या भावासाठी. धाकटा वाद्ये दुरुस्त करायचा. अंगाने तो सहा फूट तीन इंच. कित्येक वर्षे पोटमाळ्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहिल्याने त्याची पाठ धनुष्यासारखी झाली होती. ताठ उभे राहता येईल अशा जागेत राहा, नाहीतर पाठ कायमची अशीच राहील, असे डॉक्टरांनी त्याला बजावले होते. तशी खोली भाड्याने घेणे त्याच्या खिशाला झेपणारे नव्हते.

"लहानपणी तुला रोज कुणी ओढत होतं का रे?" थोरला म्हणाला. "पण काळजी करू नकोस. सात फूट उंची आहे. मी स्वतः मोजलीय."

त्याने जिन्याच्या पायथ्याशी, दिव्याखाली मोजले होते. उजेड फक्त तिथेच होता.

थोरल्याची बायको कपडे शिवायची. घरात सगळे तिला वहिनी म्हणत. खर्चाचा बेत तिनेच आखला होता. जमवलेल्या रकमेचे तिने दहा भाग केले. ओल अडवायला तीन, छताला दोन, असे वाटत वाटत शेवटचा एक भाग तिने बाजूला काढला. "हा कशाचा?" असे थोरल्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "जे अजून आपल्याला माहीत नाही, त्याचा." पैशांसारखाच उंचीचाही हिशेब तिने मांडला होता. वरच्या मजल्याचे पाइप छताला लटकत होते. ते हलवणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांच्याखालून दुसरे छत घ्यायचे. त्याचे पाच इंच जाणार. फरशीचे दोन इंच. उरतात सहा फूट पाच इंच. धाकट्याच्या डोक्यावर दोन इंच शिल्लक.

मिस्त्रीने माझे एक टोक जिन्यापाशी धरले आणि दुसरे धाकट्याच्या हाती दिले. तो मला घेऊन वळसा घालून मागच्या भिंतीशी गेला. पाणी स्थिर झाल्यावर दोघांनी आपापल्या भिंतीवर खूण केली. मग खुणेपासून वर छत आणि खाली जमीन मोजली.

"छत सपाट आहे," मिस्त्री म्हणाला. "पण जमीन मागे तीन इंच वर आलीय. पाणी जिन्यापाशी जाळीत उतरावं म्हणून बांधतानाच उतार दिलाय."

"मग जिन्याकडे भर घाला. जमीन आरशासारखी सपाट पाहिजे मला," थोरला म्हणाला.

मिस्त्रीने मान डोलावली. वहिनी मात्र बोटांवर मोजत होती. सात फुटांतून तीन इंच गेले, मग पाच, मग दोन.

"सहा फूट दोन," ती हळूच म्हणाली.

धाकट्याच्या हातातले माझे टोक किंचित खाली आले आणि थोडे पाणी सांडले.

"एका इंचानं काय होतंय?" तो हसून म्हणाला. "मला वाकायची सवयच आहे."

"ती सवय मोडायलाच तर खोली करतोय ना!" थोरला चिडला. चिडला होता तो स्वतःवरच. "आणि भरीचे पैसे कुठून आणायचे? तुझा तो एक भाग पुरेल?"

"नाही पुरणार," वहिनी म्हणाली. ती मागच्या भिंतीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. कापडावर कातर चालवण्याआधी बायका जशा थांबतात, तशी मधेच थांबली. "मिस्त्री, तीन इंचांचा उतार या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळूनच ना? चालताना कळेल?"

"मला इतक्या वेळा ये-जा करून कळला नाही, बाई. नळीला कळला."

"मग भर नकोच. उतार राहू दे, जाळीही राहू दे. भावजींचं कामाचं टेबल आणि कपाट जिन्याकडे ठेवू. उभं राहायचं सगळं तिकडे. पलंग मागच्या भिंतीशी. झोपलेल्या माणसाला उंची लागत नाही."

"पलंग कलंडेल की!" थोरला म्हणाला.

"मागचे दोन पाय इंचभर कापा."

मिस्त्री मोठ्याने हसला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तुम्ही तर पलंगाचेच पाय आखडले!"

बाजूला ठेवलेला भाग शाबूत राहिला. त्यातून मागच्या भिंतीला हवा खेळती ठेवणारा पंखा बसला.

काम संपले त्या दिवशी मी पायरीवर वेटोळे होऊन पडले होते. धाकटा पेटी घेऊन उतरला, तो नेहमीसारखाच वाकून.

"भावजी, खाली काही पडलंय का?" वहिनीने विचारले. "सरळ उभे राहा की."

त्याने पेटी ठेवली. छताकडे एकदा संशयाने पाहिले. मग गुडघे, कंबर, खांदे, मान असे एकेक करत तो उभा राहिला. शेवटी जरा दुखले असावे, कारण त्याने डोळे मिटले. थोरला स्टुलावर चढला आणि भावाचे डोके नि छत यांच्यामध्ये त्याने बोटे घातली.

"तीन बोटं मावतायत," तो म्हणाला. खात्रीसाठी त्याने ती पुन्हा एकदा घालून पाहिली. धाकटा बराच वेळ तसाच उभा राहिला.

मित्रांनो, आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. एवढेच मागते की, काम झाले की माझ्यातले पाणी काढून टाकत जा, नाहीतर आत शेवाळ धरते. मला घडी पडू देऊ नका आणि उन्हात टाकू नका. आणि कधी कुणासाठी घरात जागा करायला निघालात, तर जिथे मोजणे सोपे आहे तिथेच थांबू नका. ते माणूस जिथे उभे राहणार आहे, तिथपर्यंत मला घेऊन जा.