दीपालीचा पिवळा फोटो

कॅमेऱ्यातल्या ऑटोवर माझा काडीचा विश्वास नाही. नळदुर्गात बावीस वर्षं स्टुडिओ चालवतोय. आपलं काम परक्यावर सोडायचं नाही, मग तो परका कॅमेऱ्याच्या आत का बसलेला असेना. म्हणून व्हाइट बॅलन्स मी स्वतः लावतो. ज्या उजेडात फोटो काढायचा, त्याच उजेडात एखादी पांढरी वस्तू कॅमेऱ्याला दाखवायची. तो तिला पांढरं धरतो आणि बाकीचे रंग त्यावरून जुळवतो. मी माझी पांढरी टोपी दाखवतो.

पुतणी दीपालीचा स्थळासाठीचा फोटो तसाच काढला आणि घाईघाईत सास्तूरला धाडला. तिला ते स्थळ मनापासून आवडलं होतं. चौथ्या दिवशी मुलाचे मामा अमरसिंह यांचा फोन आला.

"रामहरीराव, राग मानू नका. पोरीला कावीळ झालती का?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? फोटोत डोळं पिवळं दिसत्यात की. तपासणी झाल्याबिगर आमी म्होरं जाणार न्हाय."

फोटोवरून कुणी कावीळ ओळखतं का? मला लगेच शेजारची शांताक्का आठवली. तिचीही मुलगी लग्नाची. परवाच ती दीपालीला "लई वाळलीस गं" म्हणाली होती, मी कानानं ऐकलं. बाईनंच काडी घातली, दुसरं कोण? संध्याकाळी तिनं भजी पाठवली, मी ताट तसंच परत केलं.

मग फोटो पुन्हा निरखला. डोळे खरंच पिवळे होते. माझ्या कामात खोट निघणार नाही, म्हणजे पोरगीच काही लपवतेय! जेवताना ती किती खाते ते बघू लागलो. ती उन्हात उभी राहिली की डोळे बघायचो, पाणी देताना नखं. तिच्या आईला, म्हणजे वहिनींना, विचारलं तर त्या गडबडल्या, तेही मला खटकलं. तिनं पोलीस भरतीचा अर्ज भरला होता, म्हणून शेवटी "भरतीला लागतंय" अशी थाप मारून दीपालीचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट चांगला आला. तरी वाटलं, लॅबवाल्यानं नळी तर बदलली नसेल?

रिपोर्ट घ्यायला दीपाली स्टुडिओत आली. कॉम्प्युटरवरचा फोटो बघून चमकली. कसा काढला ते तिनं विचारून घेतलं, माझी टोपी टेबलावर ठेवली आणि शेजारी प्रिंटरचा कोरा कागद.

"काका, टोपी निळी हाय."

"खुळी का काय!"

"धुताना नीळ कोण घालतं?"

मीच घालतो, आणि त्या खेपेला तर जास्तच दाबून घातली होती. कागदाशेजारी टोपी उघड निळसर दिसत होती. कॅमेऱ्यानं त्या निळ्यालाच पांढरं मानलं आणि निळाई मारायला सगळ्या फोटोत पिवळा रंग ओतला. बावीस वर्षांचा माझा तोरा जागच्या जागी उतरला.

कागद दाखवून नवा फोटो काढला. रंग अगदी तिचा आला. तो धाडून मी अमरसिंहांना फोन लावला आणि कावीळबिवीळ काही नाही, चूक माझी, असं तिच्यासमोरच कबूल केलं. ते हसले. "मग ऐतवारी येतो पोरगी बघायला."

मी आनंदानं वळलो. दीपाली रिपोर्ट वाचत होती. सगळ्या तपासण्या काविळीच्याच होत्या.

"त्यांनी मला कधी बघितलंच न्हाय, त्यांचं काय चुकलं?" ती हळू म्हणाली. "तुमी तर मला ल्हानपनापासून बघताय. तुमी बी फोटोच खरा धरला व्हय, काका?"

मला लाज वाटली. रविवार ठरला होता, पण तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत होईना.